फाटकाबाहेरचा रस्ता कोणाच्या फायलीत? : गिरणगावच्या जमिनी आणि परवानग्यांचा इतिहास



गिरणगावाबद्दल कुठेही बोललो की शेवटी एक प्रश्न हमखास येतो. 'अहो, गिरण्यांच्या जागी एवढे टॉवर उभे राहिले, तेव्हा रस्त्यांचा, गर्दीचा विचार कोणीच केला नव्हता का?' विचारणाऱ्याच्या आवाजात राग असतो आणि तो रास्त आहे. पण उत्तर 'नाही' असं नाही. विचार झाला होता, आणि एकदा नव्हे, अनेकदा. पालिकेनं केला, राज्य सरकारनं केला, नेमलेल्या अभ्यासगटानं केला, न्यायालयांनी केला. प्रत्येकानं आपापल्या हद्दीपुरता केला. जमिनीचा विचार एका कागदावर, वाहनांचा दुसऱ्या कागदावर, आणि पायी चालणाऱ्या माणसाचा जवळपास कुठल्याच कागदावर नाही. आजचं व्याख्यान या कागदांबद्दल आहे. विषय रुक्ष वाटेल, पण थोडा धीर धरा.

सुरुवात गिरणीपासूनच करू. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली ताडदेवला कापडगिरणीची कंपनी काढली आणि १८५६ मध्ये ती गिरणी चालू झाली. त्यानंतरच्या पन्नास वर्षांत भायखळा, लालबाग, परळ, वरळी या पट्ट्यात चिमण्याच चिमण्या दिसू लागल्या. आता बघा, हजारो माणसं एका आवारात कामाला येतात म्हटल्यावर आजच्या भाषेत तो 'वाहतुकीचा प्रश्न' झाला असता. तेव्हा तो तसा झाला नाही. कारण कामगार बहुतांशी पायी अंतरावर राहत होता. कोकणातून किंवा घाटावरून आलेला माणूस गाववाल्यांच्या खोलीत उतरायचा, आणि ती खोली गिरणीच्या भोंग्याच्या टप्प्यात असायची. खोलीत माणसं पाळीनं झोपायची हे आपण ऐकलेलं आहे. रस्तासुद्धा पाळीनंच वापरला जायचा, हे मात्र आपण विसरतो. पहिली पाळी सुटली की रस्ता भरला, अर्ध्या तासात रिकामा. पुन्हा दुसरी पाळी. म्हणजे गर्दी होती, दाटीही होती, पण ती दिवसभरात वाटलेली होती आणि तिला आगगाडी लागत नव्हती. परळ आणि एल्फिन्स्टन रोड ही शेजारशेजारची दोन स्थानकं, एक मध्य मार्गावरचं आणि एक पश्चिम मार्गावरचं. ती त्या काळात ज्या मापाची होती, ते माप त्या जगण्याला पुरत होतं.

या काळात सरकारी नजर कशावर होती? घाण, गटार, धूर आणि रोग यांवर. १८९६ मध्ये प्लेग आला आणि १८९८ साली मुंबई शहर सुधारणा ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्त्या पाडायच्या, रुंद रस्ते काढायचे, हवा खेळती ठेवायची, हे त्याचं काम. यात एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. ट्रस्टची योजना आली की प्रश्न विचारला जायचा तो मालकाला. जागा कोणाची, भरपाई किती. खोलीत राहणारा भाडेकरू या चर्चेत जवळजवळ नव्हताच. पुढे १९१५ मध्ये मुंबई इलाख्याचा नगररचना कायदा आला, देशातला या प्रकारचा पहिला. त्याच सुमारास पॅट्रिक गेडिस इथं फिरत होते. इलाख्यातल्या काही गावांवर त्यांनी अहवाल लिहिले आणि १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र विभागाचे ते पहिले प्राध्यापक झाले. गेडिस यांची पद्धत साधी होती: नकाशावर रेघ ओढण्याआधी त्या गल्लीतून पायी फिरायचं, माणसं कुठून कुठं जातात ते बघायचं. आपल्या नगररचना खात्यांनी गेडिसांची तसबीर मनापासून लावली. फिरायचं मात्र राहून गेलं.

स्वातंत्र्यानंतरचा मुख्य कायदा म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६. आजही कारभार त्याच्यावरच चालतो. त्यात विकास आराखडा करायची रीत दिली आहे. आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध करायचा, हरकती व सूचना मागवायच्या, कलम २८ खाली नियोजन समितीनं सुनावणी घ्यायची. या समितीत स्थायी समितीचे तीन सदस्य आणि बाहेरचे जाणकार, चारपर्यंत. मग आराखडा शासनाकडे मंजुरीला. कागदावर ही रीत चांगली आहे. तुम्ही-आम्ही हरकत घेऊ शकतो, समोर बसून बोलू शकतो.

पण ही सुनावणी आराखड्याची असते, आणि आराखडा वीस वर्षांतून एकदा होतो. उद्या एखाद्या भूखंडावर इमारत यायची झाली तर काय? तर मग तो अर्ज, वास्तुविशारद आणि पालिकेची इमारत प्रस्ताव शाखा, एवढ्यांतच विषय राहतो. अर्ज नियमात बसतो की नाही हे तपासायचं. अग्निशमन दलाचा दाखला, पाणी खात्याचा शेरा, पर्जन्यजल खात्याचा शेरा, वाहनतळाची संख्या. साठ दिवसांत उत्तर नाही आलं तर परवानगी मिळाली असं धरायची तरतूदही कायद्यात आहे. शेजाऱ्याला विचारायची तरतूद नाही.

इथं एक गंमत सांगतो. मुंबईत बांधकामाची पहिली महत्त्वाची परवानगी मिळते तिला सगळे आय.ओ.डी. म्हणतात. तिचं पूर्ण नाव आहे 'इंटिमेशन ऑफ डिसअप्रूव्हल', म्हणजे नापसंतीची सूचना. १८८८ च्या महापालिका अधिनियमातल्या कलम ३४६ मधून ती येते. 'अमुक अमुक अटी पूर्ण होईपर्यंत आम्हाला हे पसंत नाही' असं पालिका कळवते, आणि हातात ते नापसंतीचं पत्र पडलं की बिल्डर पेढे वाटतो. या शहराचा आणि त्याच्या नियमांचा संबंध समजायला हे एक नाव पुरेसं आहे.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. १९६४ च्या विकास आराखड्यापासून मुंबईत बांधकाम मोजायचं माप ठरलं ते चटईक्षेत्र निर्देशांक, आपला एफ.एस.आय. बेटावरच्या शहरात तो साधारण १.३३ होता. म्हणजे हजार चौरस मीटर जागेवर तेराशे तीस चौरस मीटर चटई. हे माप सोयीचं आहे, भांडण मिटवणारं आहे. पण ते चटई मोजतं, चटईवरची माणसं मोजत नाही. साचेखात्यात दोन साच्यांमध्ये माणूस उभा असतो आणि बहुतेक चटई यंत्रानं अडवलेली असते. तीच चटई कार्यालयाला दिली की तिथं टेबलाला टेबल लागतं. शिवाय गिरणीची माणसं तीन पाळ्यांत विभागलेली. कार्यालयाची सगळी माणसं नऊ ते साडेदहाच्या आत येणार, सहा ते आठमध्ये जाणार. आणि राहणार कुठं? विरारला, डोंबिवलीला, पनवेलला. म्हणजे जमीन तीच, चटईचा आकडा तोच, पण फाटकाबाहेर पडणारा भार पार वेगळ्या जातीचा. हा फरक मोजणारा रकाना नियमावलीत नव्हता. मला विचाराल तर पुढच्या सगळ्या कथेचं मूळ इथं आहे; भ्रष्टाचार, लोभ वगैरे आहेच, पण तो नंतर.

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार. संपाचा इतिहास आज सांगत नाही, त्यावर स्वतंत्र बोलायला हवं. आपल्या विषयापुरतं एवढंच की, त्यानंतर एकामागून एक गिरण्या आजारी म्हणून जाहीर झाल्या, थंडावल्या, आणि बंद गिरणी म्हणजे शहराच्या मधोमध पडलेली जमीन हे मालकांच्याही लक्षात आलं आणि सरकारच्याही. अठ्ठावन्न गिरण्या, सुमारे सहाशे एकर. त्यातल्या पंचवीस गिरण्या राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या, म्हणजे सरकारच्याच.

१९९१ मध्ये नवी विकास नियंत्रण नियमावली लागू झाली. तिच्यातला नियम ५८ प्रसिद्ध आहे. ढोबळमानानं सांगायचं तर गिरणीची जमीन विकसित करायची असेल तर एक तृतीयांश पालिकेला, मैदानं आणि मोकळ्या जागांसाठी. एक तृतीयांश म्हाडाला, सार्वजनिक घरांसाठी. आणि उरलेला मालकाला. आवाराच्या आकारानुसार टक्केवारी थोडी मागंपुढं व्हायची. मला हा नियम नेहमी महत्त्वाचा वाटत आला आहे. कोणी वेगळा परिणाम-अहवाल लिहिलेला नसताना, या शहराला किती मोकळी जागा आणि किती परवडणारं घर लागेल याचा एक अंदाज थेट नियमात बसवलेला होता. घरं तिथंच होणार म्हणजे थोडे लोक तरी पुन्हा पायी कामाला जाणार. मोकळी जागा मिळणार म्हणजे रस्ता, चौक, स्थानकाचं तोंड रुंद करायला वाव राहणार.

पण पळवाट होती. जुन्या बांधकामाच्या आतच वापर बदलला तर जमिनीची वाटणी द्यावी लागत नव्हती. मग गिरण्यांच्या छपराखाली कार्यालयं आली, दुकानं आली. लोअर परळच्या एका गिरणीत तर कामगारांच्या करमणुकीच्या नावाखाली बोलिंगचा खेळ सुरू झाला. साचे चालवलेला कोणता माणूस तिथं जाऊन चेंडू घरंगळवणार होता, देव जाणे. पालिकेच्या दृष्टीनं मात्र तो 'आतला बदल' होता. आतल्या बदलानं बाहेर काय होतं, हे तपासायची गरज कोणाला वाटली नाही.

१९९६ मध्ये राज्य सरकारनं वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यासगट नेमला. महामंडळाच्या पंचवीस गिरण्यांच्या जमिनींचं काय करावं, हा प्रश्न. कोरियांचं म्हणणं होतं की या जमिनी सुट्या सुट्या बघू नका. प्रत्येक गिरणीतून एक तृतीयांश घेतलं तर पालिकेच्या हाती तुकडे येतील, इथं एक पट्टी, तिथं एक कोपरा. त्याऐवजी सगळ्यांचा हिशेब एकत्र करा, म्हणजे सार्वजनिक जागा सलग मिळेल. त्यांच्या आराखड्यात परळ आणि एल्फिन्स्टन रोड या स्थानकांभोवतीचा भाग मोकळा करून तिथं मोठा चौक करण्याची कल्पना होती. स्थानकातून उतरलेला माणूस अरुंद जिन्यावरून गल्लीत न सांडता मोकळ्या जागेत यावा, एवढंच. बघा, १९९६ साली. जमीन आणि पायी माणूस यांचा एकत्र विचार झालेला आपल्याला सापडतो तो या कागदात. सरकारनं तो अहवाल घेतला आणि त्यावर अंमल केला नाही.

पुढचा टप्पा २००१. मालक म्हणत होते की दोन भाग द्यायचे म्हणजे परवडत नाही, म्हणून आम्ही पुढं येत नाही. आणि आम्ही पुढं येत नाही म्हणून कामगारांची देणी अडली आहेत. यात काहीच तथ्य नव्हतं असं मी म्हणणार नाही. देणी खरोखर अडलेली होती, घरोघरी हाल होते. सरकारनं नियम ५८ बदलला. आता वाटणी संपूर्ण जमिनीची नाही, तर आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची. गिरणी म्हणजे बहुतेक सगळी छपराखाली. त्यामुळं एक तृतीयांशाचा आकडा कागदावर तसाच राहिला आणि जमीन मात्र निसटली. 'मोकळी' या एका शब्दाचा अर्थ बदलला आणि शहराच्या वाट्याला यायच्या जागेचा मोठा भाग गेला. असे फेरबदल अधिनियमाच्या कलम ३७ खाली होतात, आणि ते कलम आराखड्याचं मूळ स्वरूप बदलत नसेल अशाच फेरबदलांसाठी आहे, हे इथं नोंदवून पुढं जातो.

पर्यावरणवादी संस्था उच्च न्यायालयात गेली. दरम्यान २००५ मध्ये महामंडळानं गिरण्या विकायला काढल्या. लोअर परळची मुंबई टेक्सटाइल मिल एकटी ७०२ कोटींना गेली. आणि त्याच वर्षी २६ जुलै आला. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस. एवढ्या पावसात कुठलंही शहर बुडेल, हे खरं. पण परळ, हिंदमाता हा भाग दर पावसाळ्यात तुंबतो, त्याला ९४४ मिलिमीटर लागत नाहीत. मुंबईची जुनी पर्जन्यजल गटारं तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबानं बांधलेली होती, आणि त्या हिशेबात असं गृहीत होतं की पडलेल्या पाण्यातलं निम्मं जमीन पिऊन टाकेल. जमीन! १९९३ च्या ब्रिमस्टोवॅड अहवालानं हे गृहीतक मोडीत काढलं आणि सगळं पाणी वाहूनच जाणार असं धरून ५० मिलिमीटरची गटारं सुचवली. म्हणजे पालिकेच्या एका खात्याला ठाऊक होतं की उघडी जमीन संपत आली आहे, आणि दुसऱ्या टेबलावर उरलेल्या जमिनीवर तळघरातल्या वाहनतळांना परवानगी मिळत होती. दोन्ही टेबलं एकाच पालिकेची.

ऑक्टोबर २००५ मध्ये उच्च न्यायालयानं निकाल शहराच्या बाजूनं दिला. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो फिरवला आणि २००१ चा बदल वैध ठरवला. जमिनीचा प्रश्न तिथं संपला.

उरला वाहतुकीचा. २००६ च्या सप्टेंबरमध्ये केंद्रानं पर्यावरणीय परवानगीची नवी अधिसूचना काढली. वीस हजार चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या बांधकामांना आधी मंजुरी घेणं आलं. ही छाननी राज्य पातळीवरच्या समितीनं करायची, पालिकेनं नव्हे. जनसुनावणीतून इमारतींना वगळलेलं. या परवानगीसाठी जो अर्ज भरावा लागतो, त्यात वाहतुकीचा प्रश्न आहे. मी तो पहिल्यांदा शोधला तेव्हा बराच वेळ सापडेना, कारण तो 'हवा' या मथळ्याखाली आहे. आणि प्रश्नाची सुरुवात काय? प्रकल्पामुळं गाड्या लावायला जागा कमी पडेल का? त्यापुढं, सध्याच्या वाहतूक सोयी काय आहेत आणि प्रवेशद्वाराशी तुम्ही वाहनांचं नियोजन कसं करणार. पादपथाबद्दलही विचारलं आहे, पण आवाराच्या आतल्या. फाटक ओलांडून स्थानकाकडं जाणाऱ्या माणसाबद्दल सरळ प्रश्न नाही.

असा प्रश्न असला की उत्तरही तसंच येतं. सल्लागार फाटकासमोर गाड्या मोजतो, सकाळच्या आणि संध्याकाळच्या. प्रकल्पामुळं इतक्या गाड्या वाढतील, रस्त्याला त्या झेपतील, वाहनतळ पुरेसा आहे. प्रत्येक अहवाल आपल्यापुरता खरा असतो. शेजारच्या गिरणीचा अहवालही खरा असतो. मात्र दोघांच्या गाड्या त्याच सेनापती बापट मार्गावर उतरणार असतात, म्हणजे जुन्या तुळशी पाईप रोडवर. या बेरजेचा अहवाल लिहायचं काम कोणाकडं नव्हतं. २००८ मध्ये तर नियम ३३(२४) आला: सार्वजनिक वाहनतळ बांधून द्या आणि त्याबदल्यात जादा चटईक्षेत्र घ्या. म्हणजे गाड्या फार झाल्या म्हणून वाहनतळ, आणि वाहनतळाचं बक्षीस म्हणून आणखी मजले. औषधाच्या बाटलीबरोबर रोगाची पुडी फुकट, असा हा प्रकार.

आणि बहुसंख्य माणसं गाडीनं येतच नव्हती. ती लोकलनं येत होती, दोन स्थानकांमधल्या जुन्या अरुंद पादचारी पुलावरून उतरत होती. तो पूल रेल्वेचा. रेल्वे केंद्र सरकारची, तिचं काम पालिकेच्या परवानगीनं चालत नाही. पालिकेच्या फायलीत पूल नव्हता कारण तो रेल्वेचा होता. रेल्वेच्या फायलीत टॉवर नव्हते कारण ते पालिकेच्या परवानगीचे होते. मंजुरी समितीच्या फायलीत दोन्ही नव्हते कारण अर्जात रकाना नव्हता. नव्या पुलाला रेल्वेनं कागदावर मंजुरी दिलेली होती, काम झालेलं नव्हतं.

२९ सप्टेंबर २०१७, शुक्रवार, दसऱ्याच्या आदला दिवस. सकाळी पाऊस आला. पुलावरची माणसं छपराखाली थांबली, खालून गाड्यांमागून गाड्या आणखी माणसं सोडत होत्या. जिन्यावर चेंगराचेंगरी झाली. तेवीस माणसं गेली. त्यातली बरीचशी आसपासच्या कार्यालयांत, दुकानांत, फुलांच्या बाजारात निघालेली साधी माणसं होती. नंतर चर्चा झाली ती अफवेची, पावसाची, जिन्याच्या रुंदीची. या सगळ्यावर चौकशी होऊ शकते, कारण या गोष्टी त्या दिवशीच्या आहेत. पण त्या जिन्यावर एका वेळी इतकी माणसं का होती, याचं उत्तर त्या दिवसात नाही. ते १९९१, १९९६, २००१ आणि २००६ या सालांच्या कागदांमध्ये विखुरलेलं आहे, आणि त्या कागदांवर सही करणाऱ्या प्रत्येकानं आपलं काम नियमाप्रमाणं केलेलं आहे. मला हेच जास्त अस्वस्थ करतं.

लष्कराला बोलावून नवा पूल बांधला गेला आणि २७ फेब्रुवारी २०१८ ला तो खुला झाला. काही महिन्यांत, म्हणजे अपघाताला वर्षही व्हायच्या आत. त्याच वर्षी जुलैमध्ये एल्फिन्स्टन रोडचं नाव प्रभादेवी झालं. त्याच वर्षी मे महिन्यात २०३४ पर्यंतच्या विकास आराखड्याला मंजुरीही मिळाली. त्याच्या पहिल्या मसुद्यात इतक्या चुका होत्या की २०१५ मध्ये तो मागं घ्यावा लागला होता, आणि त्यावर हजारोंनी हरकती आल्या होत्या. त्या हरकती बहुतेक लोकांनी आपापल्या इमारतीबद्दल, आपापल्या रस्त्यारेषेबद्दल घेतल्या. साहजिक आहे, अर्ज करायची जागाच तेवढी असते.

एक विनंती करून थांबतो, मग प्रश्न घेऊ. तुमच्या भागात आज ज्या मोठ्या प्रकल्पाचं काम चालू आहे, त्याचा पर्यावरणीय मंजुरीचा अर्ज संकेतस्थळावर बघायला मिळतो. तो उघडा, 'हवा' या मथळ्याखाली जा, आणि तिथं जवळच्या रेल्वे स्थानकाबद्दल काय लिहिलंय ते वाचा. अंतर किती मीटर एवढं बहुधा सापडेल. जिना किती फुटांचा आहे ते लिहिलेलं दिसलं तर मला जरूर कळवा.